हिरवं सुटायच्या आत

मित्रहो, बसून घ्या. मागं भिंतीला टेकून उभे आहेत त्यांनीही पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत पहिल्या रांगेत बसायला कुणालाच आवडत नाही, ठाऊक आहे मला. पण आज बसा.

मामी, संगीताताई, प्राचार्य महोदय, माझे जुने सहकारी आणि इतक्या लांबून आलेले विद्यार्थी...

मला बोलणं जड जातंय. हे वाक्य मी याच सभागृहात पुष्कळदा म्हटलंय आणि त्यानंतर अर्धा अर्धा तास सुरळीत बोललोय. आज खरंच जड जातंय. दुःख आहेच. पण दुःखापेक्षा लाज जास्त आहे, आणि लाज वाटत असताना बोलायची मला सवय नाही.

आत्ता सूत्रसंचालक बाईंनी माझी ओळख करून दिली. म्हणाल्या, ‘ज्यांच्या नावाची पद्धत आजही आपल्या प्रयोगशाळेत शिकवली जाते ते सावखेडकर सर.’ बाई, तुमची काही चूक नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीवर कालपर्यंत पाटीच होती तशी. ‘वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट काढण्याची सावखेडकर पद्धत.’ खाली पायऱ्या लिहिल्यात. एक, दोन, तीन, चार. पोरं पाठ करतात.

ती ओळख मी आज परत करतोय. ती पद्धत माझी नाही.

का, ते सांगतो. मला सांगायलाच पाहिजे. मामांच्या कन्या संगीताताईंनी मला एक अट घातली आहे. म्हणाल्या, ‘सर, शोकसभेत तुम्ही बोलणार असाल तर हे बोला. नायतर बोलूच नका.’ मी दोन रात्री विचार केला की तब्येतीचं कारण सांगावं आणि येऊच नये. वय अठ्ठ्याहत्तर आहे, कुणी शंका घेतली नसती. तुम्ही म्हणाला असता, अरे, सरांना फार धक्का बसला बुवा. म्हणजे त्यातही माझं कौतुकच झालं असतं. म्हणून आलो.

आता नव्या पोरांसाठी आधी मामा कोण ते सांगतो. मारुती भिवाजी सोन्नर. आपल्या रसायनशास्त्र विभागात तीस वर्षं परिचर होते. परिचर म्हणजे बाटल्या धुणारा, बर्नर पुसणारा, चहा आणणारा माणूस. आपण सगळे त्यांना मामा म्हणायचो. फुलंब्रीच्या पुढं त्यांचं गाव. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मामांचे वडील मेंढरांमागं फिरले, भाऊ फिरला, मामा चौथी शिकले आणि नोकरीला लागले. रोज सकाळच्या एसटीनं यायचे. तीस वर्षांत त्यांच्या हातून किती काचसामान फुटलं? मला एक ब्युरेट आठवते. तीही मीच टेबलाच्या कडेला ठेवली होती.

आणि दर दसऱ्याला मामा माझ्या घरी तूप आणायचे. पितळेची एक बरणी होती, कडीची. त्यात घरच्या म्हशींचं रवाळ तूप. आमची ही ती बरणी हातात घेतली की आधी झाकण उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, ‘मामा, हे वर्षभर टिकतं कसं हो? आमचं तर दोन महिन्यांत खवट होतं.’ मामा हसायचे. ‘शेवग्याचा पाला हाय त्यात, वैनी.’ मी आतल्या खोलीत पेपर वाचत असायचो. ऐकायचो. पीएच.डी. झालेला माणूस मी, तेल-तूप खवट का होतं यावरच माझं काम, आणि हे वाक्य तीन दसरे माझ्या कानावरून गेलं.

तो काळ तुमच्यातल्या काहींनी पाहिलाय. चिकलठाण्याला शेडमागून शेड उभी राहत होती. वाळूजकडं रस्ते आखायला सुरुवात झाली होती. गावात माणसं येत होती, पैसा येत होता, सायकली जाऊन स्कूटरी येत होत्या. अशात एका तेल कंपनीचा माणूस माझ्याकडं आला. कंपनी कोणती ते सोडा, आता ती नाहीही. त्यांना शेंगदाण्याचं तेल टिकवायचं होतं, पण परदेशी पावडर न घालता. तेलाला हवा लागली की ते खवट होतं आणि झाडपाल्यात काही द्रव्यं असतात ती हे थोपवतात. ती द्रव्यं म्हणजे अँटिऑक्सिडंट. ती पाल्यातून काढून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, देतो की. त्यात काय.

मी काय केलं? पुस्तकात होतं ते केलं. शेवग्याचा पाला उन्हात कडकडीत वाळवला. मिक्सरमध्ये दळून पीठ केलं. मिथेनॉलमध्ये, म्हणजे विषारी स्पिरिटमध्ये, तासन्‌तास तापवलं. प्रयोगशाळेत उभं राहवत नव्हतं इतका वास. संध्याकाळी डोकं धरायचं. आणि उरलेला सगळा चोथा, ते वापरलेलं मिथेनॉल, मी मोरीत ओतत होतो. मोरीचं पाणी मागच्या अंगणात जायचं. तिथं मामांनी मेंदीचं कुंपण लावलं होतं. स्वतःच्या हातानं, घरून फांद्या आणून.

महिन्याभरात ती मेंदी वाळली.

मामा मला म्हणाले, ‘सर, तुमच्या पाण्यानं मपली मेंदी मेली.’ मी म्हटलं, ‘मामा, शोध लागायचा तर थोडं नुकसान सोसावं लागतं.’ ते म्हणाले, ‘आमची मेंढरं आणली न, तर ती बी हे पाणी हुंगून मागं फिरतेल. आन तुम्ही ह्याच्यातून काढलेलं माणसाला खाऊ घालणार?’

मी हसलो. खरं सांगतो, मला ते विनोदी वाटलं होतं.

माझा अर्क निघाला तो गर्द हिरवा. दिसायला काय सुंदर! मी तेलात घातला, काचेच्या बाटल्या भरल्या आणि खिडकीत रांगेनं मांडल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो. पंधरा दिवसांत त्या बाटल्यांतलं तेल खवट झालं. आणि ज्या तेलात काहीच घातलं नव्हतं ते बरं राहिलं! म्हणजे माझ्या औषधानं रोगी लवकर गेला. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तीन महिने हेच चाललं. कंपनीच्या माणसाचे निरोप यायला लागले. मी घरी चिडचिड करायला लागलो.

एक दिवस मी त्या बाटल्यांकडं बघत बसलो होतो. मामा शेजारी उभे, हातात धुतलेला फ्लास्क. म्हणाले, ‘सर, एक बोलू का? हे हिरवं काहून काढलं तुम्ही?’

मी म्हटलं, ‘काढलं म्हणजे? पाला हिरवाच असतो.’

‘पाला हिरवा ऱ्हातो. पन हिरवं उतरू द्यायचं नस्तं. आमची माय लोणी कढताना पाला टाकती आन हिरवं सुटायच्या आत काढून घेती. हिरवं उतरलं की तूप कामातून गेलं. त्यात उन्हाला ठिवलं तर इचारूच नका.’

मित्रहो, मी खुर्चीवरून उठलो. मला अजून ती खुर्ची सरकल्याचा आवाज आठवतो. पाल्यातलं हरितद्रव्य! उजेडात तेच तेलाला नासवतं. मिथेनॉल ते ओढून काढतं, आणि मी उजेडात, खिडकीत, काचेत मांडून ठेवत होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात कुठंतरी वाचलेलं होतं. पण डोळ्यांसमोर हिरवं दिसत असताना मला ते आठवलं नाही. त्यांना आठवायची गरजच नव्हती. त्यांच्या आईनं ते रोज हातानं केलं होतं.

मी म्हटलं, ‘मग मामा, कसं करायचं?’

‘पाण्यात करा की. पाण्यात हिरवं उतरत नाय लौकर. आन मेंदी बी मरत नाय.’

त्यानंतरचे चार महिने मी मामांच्या हाताखाली काम केलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा बोलतोय. मामांच्या हाताखाली. पाला सावलीत वाळवायचा. हातानं चुरायचा, दळायचा नाही. पाण्याला उकळी येऊ द्यायची नाही, तळाशी बारीक बुडबुडे धरले की उतरवायचं. त्यात पाला टाकायचा, झाकण ठेवायचं. आणि झाकण ठेवलं की मामा व्हरांड्यात निघून जायचे.

पहिल्या दिवशी मी ओरडलो. ‘मामा, प्रयोग चालू असताना बाहेर काय जाता?’

मामा व्हरांड्यातून म्हणाले, ‘टाइमच बघतोय न, सर.’

ते बिडी ओढत होते. बिडी संपली की आत यायचे, झाकण काढायचे, फडक्यातून गाळून घ्यायचे. पाणी पिवळसर निघायचं. हिरवा थेंब नाही. मी मुद्दाम एकदा जास्त वेळ ठेवलं, हिरवट झालं. कमी ठेवलं तर ताकद उतरली नाही. मग मी स्टॉपवॉच आणलं आणि आठवडाभर मामांची बिडी मोजली. मध्ये एकदा विझायची, ते पुन्हा पेटवायचे, त्यासकट सहा मिनिटं. कधी दहा सेकंद इकडं, कधी तिकडं.

आपल्या त्या पाटीवर तिसरी पायरी काय आहे? सांगा बरं, पोरांनो. ‘सहा मिनिटे झाकून ठेवणे.’ ती मामांची बिडी आहे.

मला मुंबईच्या एका परिसंवादात कुणी विचारलं होतं, सहाच मिनिटं का, पाच का नाहीत? मी अर्धा फळा भरून उत्तर दिलं. लोकांनी माना डोलावल्या. बिडीचं नाव मी काढलं नाही.

तो पिवळा काढा मंद आचेवर आटवला, भुकटी केली, कोमट तेलात मुरवून गाळली. तेल टिकलं. मिथेनॉल नाही, वास नाही, मोरीत फक्त पाणी. मामांनी मागं पुन्हा मेंदी लावली. आज तुम्ही ज्या कुंपणाला सायकली टेकवता ते तेच कुंपण.

आता पुढचं.

त्या वर्षांत या शहरात दुसरा विषय नव्हता. नामांतर. विद्यापीठाचं नामांतर व्हावं म्हणून लोक लाठ्या खात होते, तुरुंगात जात होते. आधी खेड्यांत घरं जळाली होती, माणसं गेली होती. आणि आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत, जिथं बाप-आजे पूजा सांगायचे आणि कचेऱ्यांत कारकुनी करायचे, तिथं दारं लावून कुजबुज चालायची. मी दार उघडून बाहेर पडलो. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे, पण आता तो अभिमान मला नीट धरता येत नाही. मी सभेत बोललो. म्हणालो, ‘नाव म्हणजे नुसती पाटी असते का? ज्याचं आहे त्याला त्याचं नाव द्यायला तुमचं काय जातं?’ खूप टाळ्या पडल्या. माझे वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मामा त्या सभेला होते. मागं उभे होते, माझी सायकल धरून. परत येताना म्हणाले, ‘सर, लई खरं बोलले. ज्याचं त्याला मिळायाच पायजे.’

त्याच आठवड्यात मी आपला शोधनिबंध टाइप करायला दिला.

विभागाचे टंकलेखक होते रहीमभाई. हातानं लिहिलेल्या कागदावर मी दोन नावं लिहिली होती. वर माझं, खाली मामांचं. हे मी स्वतःची बाजू सावरायला सांगत नाही. उलट आहे. नाव लिहायचं विसरलो असतो तर ती चूक झाली असती. मी विसरलो नव्हतो. रहीमभाईंनी मशीन थांबवलं आणि विचारलं, ‘सर, आपके नाम के आगे तो एमएस्सी, पीएचडी है. सोन्नर साब का क्या लिखूँ?’

मी म्हटलं, ‘उनका कुछ नहीं.’

‘तो ख़ाली छोड़ दूँ?’

माझ्या डोळ्यांसमोर छापलेलं पान आलं. माझ्या नावापुढं पदव्या आणि खाली एका नावापुढं कोरी जागा. वाटलं, लोक विचारतील हे कोण. सांगावं लागेल, आमचा शिपाई. मग ते हसतील. मग म्हणतील, शिपायानं सांगितलं आणि यानं छापलं. त्या कोऱ्या जागेची मला लाज वाटली हो! मी रहीमभाईंच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि रेघ मारली. रहीमभाईंनी कागद सरळ केला. म्हणाले, ‘आपकी मर्ज़ी, सर.’ आणि टाइप करायला लागले.

मला कुणी अडवलं होतं? कुणी नाही. विभागप्रमुख? त्यांनी तो कागद वाचलासुद्धा नव्हता. मासिकवाल्यांनी काही विचारलं? दोन नावं पाठवली असती तर त्यांनी दोन्ही छापली असती. मीच. त्या सभेत हात उंचावून बोललो होतो, तोच हात, तीच बोटं.

काही महिन्यांनी छापील प्रती आल्या. मामांनी हात धुतले, शर्टाला पुसले, आणि टेबलाजवळ आले. ‘सर, मपलं नाव कुठं हाय? पोरीला दाखवायचं हाय.’

पोरगी तेव्हा तिसरीला असेल. निबंध इंग्रजीत होता. मामांना इंग्रजी येत नव्हतं आणि ते येत नाही हे मला माहीत होतं. शेवटच्या पानावर आभाराच्या दोन ओळी होत्या. त्यात होतं, ‘लॅबोरेटरी स्टाफ’. मी त्यावर बोट ठेवलं. म्हणालो, ‘हे बघा. हे तुमचं.’

मामांनी खिशातलं पेन काढलं आणि माझं बोट होतं तिथं बारीक खूण केली. पुन्हा सापडावं म्हणून.

ती प्रत मी त्यांना दिली; पुढं ती त्यांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, ट्रंकेत राहिली. पुढचे सात-आठ दसरे तूप येत राहिलं. आणि मग एका दसऱ्याला मामा आले ते सोनं द्यायला, आपट्याची पानं घेऊन, हातात बरणी नाही. मी थट्टेनं म्हटलं, ‘काय मामा, यंदा आमचं तूप कुठंय?’

मामा म्हणाले, ‘म्हशी इकल्या, सर.’

आमची ही हळहळली. पुढं दुकानातून तूप आणायला लागली आणि नावं ठेवायला लागली. मला वाटलं, असेल अडचण. त्यांना विचारावं असंही वाटलं होतं. विचारलं नाही.

मामा निवृत्त झाले तेव्हा आपण याच मंचावर त्यांना शाल दिली. मी अध्यक्ष होतो. वीस मिनिटं बोललो. ‘मामांसारखी माणसं म्हणजे संस्थेचा पाया’ वगैरे. मग आपण मामांना बोलायचा आग्रह केला. मामा उठले. ते सभेकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. म्हणाले, ‘मी बाटल्या धुतल्या. दुसरं काय केलं नाय.’ आणि खाली बसले.

आपण सगळे हसलो. आठवतंय का? आपण म्हणालो, काय नम्रता आहे या माणसाची! मी सगळ्यात मोठ्यानं हसलो असेन.

मागच्या आठवड्यात मामा गेल्याचं कळलं. मी गावी गेलो. हर्सूलच्या पुढं रस्ता फार बदललाय, मला घर सापडेना, विचारत विचारत गेलो. अंगणात दोन म्हशी बांधलेल्या होत्या. दुःखाच्या घरी काय बोलावं सुचत नाही, तर मी उगीच म्हणालो, ‘मामी, म्हशी पुन्हा कधी घेतल्या?’

मामींनी माझ्याकडं पाहिलं. ‘पुन्हा? म्हशी गेल्याच कवा? या दारात कायम दोन म्हशी हायेत. एक दिस दार मोकळं नव्हतं.’

मला कळेना. मी म्हटलं, ‘पण मामा तर म्हणाले होते...’

तेव्हा संगीताताई आतून आल्या. त्या फुलंब्रीला शिक्षिका आहेत, तुम्हाला माहीतच असेल. त्यांच्या हातात ती प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यांनी मला सांगितलं, आणि त्यांच्या परवानगीनं मी ते इथं सांगतोय. त्या अकरावीला असताना, त्यांना इंग्रजी नीट वाचता यायला लागलंय म्हणून मामांनी कौतुकानं तो कागद काढला. म्हणाले, ‘वाच. मपलं नाव दाखव.’ तिसरीतल्या पोरीला नुसता कागद दाखवला होता. आता तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

ताईंनी पहिलं पान वाचलं. शेवटचं वाचलं. पुन्हा पहिलं. म्हणाल्या, ‘बाबा, नाय.’

मामांनी पेनाची खूण दाखवली. ‘इथं बघ. सरांनी इथं बोट ठिवलं होतं.’

‘इथं लॅबोरेटरी स्टाफ लिहिलंय.’

‘म्हंजी?’

‘म्हंजी... तिथली नोकर माणसं.’

मामांनी कागद घडी करून पिशवीत घातला. म्हशींना वैरण टाकायला गेले. आणि दसऱ्याच्या आधी मामींनी बरणी घासून पुढं ठेवली तेव्हा म्हणाले, ‘त्या घरी तूप नाय द्यायचं.’ एवढंच. कारण सांगितलं नाही. त्यानंतर किती वर्षं त्यांनी माझ्या प्रयोगशाळेत काम केलं? बारा तरी. रोज सकाळी ‘नमस्कार, सर’. रोज माझे फ्लास्क धुतले. माझ्या विद्यार्थ्यांना पाला कसा चुरायचा ते हातात हात धरून शिकवलं. मी शेजारी उभा राहून ‘माझी पद्धत’ म्हणायचो आणि ते ऐकायचे. एकदा तरी भांडायला हवं होतं हो मामांनी! मला चारचौघांत विचारायला हवं होतं. हे मी परवा ताईंपुढं बोललोसुद्धा. त्या म्हणाल्या, ‘भांडले की, सर. तूप बंद केलं. तुम्हाला कळलं नाय त्याला ते काय करणार?’

मग मी एक मूर्खपणा केला. खिशातलं पेन काढलं आणि म्हणालो, ‘ताई, द्या, मी इथं त्यांचं नाव लिहितो. माझ्या हातानं.’ ताईंनी कागद मागं घेतला. म्हणाल्या, ‘आता घरात बसून लिहून काय करता? घरात आम्हाला माहीतच हाय.’

आणि मग ती अट घातली.

निघताना फळीवर ती पितळेची बरणी दिसली. मी पाहिली, त्यांनीही मला पाहताना पाहिलं. कुणी ती हलवली नाही. बरोबर केलं त्यांनी.

प्राचार्य महोदय, भिंतीवरची ती पाटी मी आज सकाळी उतरवली आहे. परवानगी घेतली नाही, काय ती कारवाई करा. स्टुलावर चढलो तेव्हा दोन विद्यार्थी धावत आले, त्यांना वाटलं म्हातारा पडतो. नवी पाटी काय लिहायची ते संगीताताई सांगतील, मी नाही सांगणार. त्या मासिकाला पत्र लिहायचं म्हणून काल चौकशी केली. मासिक कधीच बंद पडलंय. म्हणजे छापलेलं आता तसंच राहणार. तिथं काही दुरुस्त होत नाही.

थांबा. टाळ्या वाजवू नका. मागं कुणीतरी सुरुवात केली. कृपा करून नको. कबुली देऊन मोठं व्हायचीही मला सवय आहे, मी स्वतःला ओळखतो. उद्या तुम्ही म्हणाल, सरांचं मन किती मोठं. मोठं असतं तर मामा जिवंत असताना बोललो असतो. निवृत्तीनंतरही ते बरीच वर्षं होते. फुलंब्री किती लांब आहे हो? तासाभराची एसटी. माझ्याजवळ वेळ होता. वेळ होता आणि मी हिरवं उतरू दिलं.

मामी, मी तुमची माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही देऊन टाकाल, तुमच्याकडं दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत. ते मला नको आहे.

मित्रहो, रीत दोन मिनिटं शांत उभं राहण्याची आहे. आज तसं करू नका. उभं राहू नका, बसा. आणि दोन मिनिटं नकोत. मामांची एक बिडी होईल तेवढा वेळ शांत बसा. लांब वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला चुळबूळ सुरू होईल, कुणी घड्याळ बघेल. बघू नका. मामांनी कधी बघितलं नाही. ताई, वेळ झाली की तुम्ही उठा. तुम्ही उठलात की आम्ही उठू.

त्याआधी एकदाच वाचून दाखवतो. रहीमभाईंना दिलेला तो हातानं लिहिलेला कागद माझ्याकडं राहिला होता. पेन्सिलीची रेघ आहे, पण खालचं वाचता येतं. इंग्रजीत आहे, मराठीत सांगतो, आणि वरचं माझं नाव सोडतो.

‘शेवग्याच्या पाल्यातून पाण्याच्या साहाय्यानं अँटिऑक्सिडंट काढण्याची पद्धत. मारुती भिवाजी सोन्नर.’

पुढं जागा कोरी आहे. तिथं मी आज लिहिलंय, चौथी पास.

बसू या.